कूलर, वाकळ आणि 'फुकटचे मजूर': एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती, त्यामुळे उत्तरही लांबणार, आधीच सांगून ठेवते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी आमच्या घरच्या कूलरबद्दल आणि सासूबाईंच्या वाकळेबद्दल लिहिलं होतं, नातवंडं हाताखाली कशी असतात वगैरे. त्यावर ताईंचं म्हणणं असं की हे सगळं गोडगोड चित्र आहे, सोलापूरच्या ४४ डिग्रीत म्हाताऱ्या माणसांना राबवायचं, आठ वर्षांच्या पोराच्या हातात विजेच्या कूलरजवळ स्क्रू ड्रायव्हर द्यायचा, पोरीला सुई आणि पोराला पाना ही वाटणी तर ठरलेलीच, 'बिचाऱ्या आजी' आणि पोरं 'फुकटचे मजूर', ही सरळ बालमजुरी झाली, त्यापेक्षा मिस्त्रीला चारशे रुपये द्या आणि पोरांना शिबिराला घाला. आणि शेवटी, 'सासू-सासऱ्यांना एकदा विचारलंत तरी का?'

उन्हाचं आधी उरकते. ४४ डिग्री मे महिन्यात असतं, आणि मे महिन्यात कूलर उघडायचा म्हणजे डोकं फिरलेलं असलं पाहिजे. आमच्याकडे होळी झाली की पाडव्याच्या आत कूलर गच्चीवर जातो, तोही सकाळी, ऊन पायऱ्यांवर यायच्या आत काम गुंडाळायचं. आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, ही शिस्त आहे, आणि यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला शिस्त शिकवायला मी जात नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही समजून चाललाय की आम्ही पोरांना काहीतरी शिकावं, आजी-आजोबांबरोबर वेळ जावा म्हणून हा कार्यक्रम लावतो. तसं नाहीये हो. आबांना दिसत नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचाय, आणि बोटं आता बारीक कामाला वळत नाहीत. कूलरचं काम त्यांना पाठ आहे पण त्यातलं निम्मं ते स्वतःच्या डोळ्यांनी करू शकत नाहीत, म्हणून नातू, सिद्धू, लागतो. त्याला शिकवायला नाही, काम व्हायला.

म्हणजे कसं ते सांगते. कूलरच्या वरच्या बाजूला एक पाइप असतो, त्याला बारीक भोकं असतात, पंप खालचं पाणी त्या पाइपात चढवतो आणि भोकांतून ते गवतावर पडत राहतं. आमच्याकडच्या पाण्यात क्षार एवढे की एका सीझनमध्ये अर्धी भोकं पांढऱ्या खड्यांनी बुजून जातात. मग गवतावर मध्येच कोरडे पट्टे राहतात, आणि कोरड्या पट्ट्यातून जी हवा येते ती बाहेरची गरम हवाच येते, कारण कूलर म्हणजे दुसरं काही नाही, पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते एवढाच खेळ आहे. (म्हणूनच तो आपल्या कोरड्या उन्हाळ्यात चालतो आणि पावसाळ्यात नुसता दमटपणा करतो. आणि खिडकी उघडी ठेवायची असते, खोली बंद करून कूलर लावणाऱ्या माणसांशी मी आता वाद घालत नाही.) तर ही भोकं खराट्याची काडी घालून एकेक मोकळी करावी लागतात. आबा खुर्चीवर बसून पाइप धरतात, सिद्धू काडी घालतो, मग पंप चालू करून बघायचं की कुठल्या भोकातनं पाणी येत नाही. आबांना धार दिसत नाही, त्यांना फक्त आवाज कळतो. ते म्हणणार, "डावीकडं कायतरी कमी वाजलंय," आणि सिद्धू डोकं घालून बघणार की खरंच तिसरं भोक बंद आहे. "काय करलालास बे, तिसरं म्हणलो ना, चौथ्यात काडी घालतंय बघ येडं." हा संवाद तुम्हाला गोड वाटला असेल तर तो माझा दोष नाही, तिथं बसलेल्याला तो बराच वैतागवाणा असतो.

विजेचं मात्र तुमचं अगदी बरोबर आहे, म्हणजे काळजी बरोबर आहे, अंदाज चुकलाय. पत्र्याचा कूलर, खाली पाणी, ओली फरशी, यातनं दर उन्हाळ्यात शॉक लागून माणसं जातात, पेपरात वाचतो आपण. म्हणून घरात नियम असा की प्लग नुसता बंद करायचा नाही, उपसून कूलरच्या डोक्यावर ठेवायचा, सगळ्यांना दिसेल असा. पाणी बघण्यापुरता पंप चालू करायचा तेव्हा सिद्धूचे हात पाठीमागे आणि पायात चप्पल. मोटर आणि तो कंडेन्सर, म्हणजे मोटरीला जोडलेला कपॅसिटर, त्याला कुणीच हात लावत नाही, आबासुद्धा नाही, कारण प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये चार्ज राहू शकतो. तिथं इलेक्ट्रिशियन येतो. आणि घराला तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, बसवून घेतलीय, ती माझ्या हट्टानं, तुमच्याकडे नसेल तर खरंच बसवून घ्या, शिबिराच्या फीमध्ये होईल. स्क्रू ड्रायव्हर म्हणाल तर जाळीचे चार स्क्रू. त्यानं कुणाला इजा झालीच तर स्क्रूला होते.

बालमजुरी. या शब्दावर मात्र मला थांबायचंय, कारण घरात तो शब्द खराखुरा माहीत असलेलं एक माणूस आहे.

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, सोलापूरच्या पूर्व भागात वाढल्या. त्यांची आई विड्या वळायची. पानं आणि तंबाखू कारखान्यातनं आणायची, घरी बसून वळायचं, विड्या परत नेऊन द्यायच्या आणि मजुरी हजार विड्यांमागे. पान भिजवणं, पत्र्याच्या मापानं कापणं, भरणं, वळणं हे आईचं, आणि दोरा बांधणं, तोंड दुमडणं, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करणं हे लहान बोटांचं. आत्या आधी शाळेतनं आल्यावर बसायच्या, मग शाळेच्या आधी, मग शाळाच राहिली. चौथीपर्यंत झाली. आजूबाजूला सगळी पद्मशाली विणकरांची घरं, तेलुगू बोलणारी, त्यामुळे आत्या आजही मोजताना तेलुगूत मोजतात, ओकटी, रेंडू, मूडू, डाळीचे डबे मोजायचे असले तरी. तंबाखूच्या खकाण्यानं रात्री हात चुरचुरायचे हे त्या हसत सांगतात, मला हसता येत नाही.

त्या बाईनं वाकळ शिवायला बसताना नातीला काय सांगितलंय ऐका. शाळेच्या दिवशी सुई नाही. परीक्षा असली की सुई नाही. पोरगी खेळायला निघाली की हाक मारायची नाही. कायद्यात २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना मदत करायची मुभा आहे, धोक्याचं काम सोडून, म्हणजे कायद्यानं आम्ही सुटतो. पण आत्यांचा कायदा सरकारपेक्षा कडक आहे आणि तो त्यांनी वाचून केलेला नाही.

मग गौरी करते काय? सुया ओवते. बस. वाकळ म्हणजे जुन्या इरकल साड्या वरखाली, आत विरलेलं धोतर नाहीतर झिजून पातळ झालेली सोलापुरी चादर, असे थर, त्यातनं धावदोरा घालायचा तर सुई जाड आणि दोरा दुहेरी. टाका आत्यांचा अजून सरळ येतो, हाताला सवय आहे, पण सुईचं नेढं, म्हणजे भोक, दिसत नाही. त्यामुळे गौरी एकदाच बसून डझनभर सुया ओवून उशीला टोचून ठेवते, मग आत्यांची दुपार निघते. यात पोरीनं चलाखी केली. सारखं ओवायला लागू नये म्हणून ती दोरा वावभर लांब घ्यायला लागली. लांब दोऱ्याला पीळ पडतो, गाठी बसतात, आत्या अर्धा तास गाठ सोडवत बसल्या आणि मग काही न बोलता ती सुई गौरीच्या हातात दिली की तूच सोडव आता. तेव्हापासून दोरा हातभरच. मी यात कुठं नव्हते, भाकऱ्या करत होते, मला नंतर कळलं.

पोरीला सुई, पोराला पाना, यावर मी वाद घालणार नाही. आहे तसं. सिद्धू आबांचं शेपूट आहे आणि गौरीला आज्जीजवळ गोष्टी ऐकायला मिळतात, असं कारण मी देऊ शकते आणि ते खरंही आहे, पण ही वाटणी या पोरांच्या जन्माआधीची आहे. आबा मागावर आणि आत्या सुताच्या कांड्या भरायला, सोलापुरात घरोघर हेच होतं. तुम्ही बोट ठेवलंत ते बरोबर ठिकाणी. फक्त एवढं सांगते की मी त्यांना मुद्दाम उलटं बसवणार नाही. गौरीला मोटरीतलं जास्त कळतं, इलेक्ट्रिशियन आला की त्याच्या डोक्यावर उभी राहून प्रश्न विचारते, आणि त्याला आवडत नाही तरी विचारते. तिला कुणी अडवत नाही, तेवढ्यावर सध्या माझं समाधान आहे.

शिबिराला माझा विरोध नाही. दोघं सकाळी पोहायला जातात. पण शिबिरात सिद्धू आला नाही तर शिबिर चालतं. पाइपाचं तसं नाही, तो नसला तर आबांचं काम अडतं आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे, इतकं की मध्ये त्यानं त्यासाठी आइस्क्रीमचा रेट लावला होता. आबांनी दिला. मला पटलं नव्हतं, पण तो त्यांचा व्यवहार.

राहिला प्रश्न विचारलं का हा. तुमची प्रतिक्रिया मी दोघांना मोठ्यानं वाचून दाखवली. आत्यांना बाकी कशाचं काही वाटलं नाही, 'बिचाऱ्या आजी' एवढ्याचाच राग आला, त्या दिवसभर भांडी जरा आपटून ठेवत होत्या. आबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, त्या बाईंकडं कूलर आहे का, आणि असला तर टाकी कधी कोरडी करतात. हा प्रश्न चेष्टेचा नाही. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे आपल्याकडे साठवण आलीच, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातनं एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, उन्हात वाळवायची. पाणी ओतून द्यायचं नाही, क्षारांचं असलं तरी संडासाला चालतं. घासायचं काम सध्या माझ्या नवऱ्याकडे आहे, त्यांना कुणीच मजूर म्हणालं नाही, हेही नोंदवून ठेवते.

आणि चारशे रुपये. ते वाचत नाहीत, ताई. मोटरीच्या बुशला तेल, वायर बघणं, कंडेन्सर, यासाठी मिस्त्री एप्रिलमध्ये येतोच आणि तेवढे नाही तर जास्तच घेऊन जातो, गवताचे पैसे वेगळे. फक्त तो पाइपाची भोकं मोकळी करत नाही. सांगितलं तर म्हणतो नवीन पाइप टाका.