दुर्मिळ कॅसेट मिळवावी कशी आणि ऐकू कशी नये

सर्वांत आधी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचायची सवय लावून घ्या. त्या वाचल्याशिवाय खरा शौकीन चहाला तोंड लावत नाही. ‘त्यांना शास्त्रीय संगीताची विशेष आवड होती’ एवढी एक ओळ दिसली की पत्ता टिपून ठेवायचा. बेळगावातच टिळकवाडीत असेल तर रिक्षा, निपाणी असेल तर बस. रक्षाविसर्जनाला जाऊ नका, उतावळेपणा दिसतो. बाराव्याला जा. तेराव्यापर्यंत थांबलात तर संकेश्वरचा कोणीतरी तुमच्या आधी येऊन कॅसेटच्या ट्रंकेपाशी मांडी घालून बसलेला असतो. पहिल्या फेरीला केळी न्या. मिठाई म्हणून कुंदा दुसऱ्या फेरीला, कॅसेट पिशवीत पडल्यावर.

दुकानात मिळणारी कॅसेट आपल्याला नकोच आहे, हे एकदा मनाशी पक्कं करा. जी विकत मिळते ती ऐकायची असते. आपण शोधतो ती असायची असते. सत्तर-ऐंशीच्या दशकात कोजागरीला, गणपतीत, नाहीतर कुणाच्या तरी माडीवर बैठक व्हायची. यजमानांच्या मेहुण्याने आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर तबल्याशेजारी ठेवलेला असायचा. त्या रात्रीची ती एकच कॅसेट. मग डबल कॅसेटवाला टेप ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे तिच्या कॉप्या निघायच्या आणि शहापूर, वडगाव, अनगोळ करत फिरायच्या. प्रत्येक कॉपीला खरखर वाढते. सहाव्या कॉपीपर्यंत गाणं कमी आणि खानापूरचा पाऊस जास्त ऐकू येतो. अशा कॅसेटला ‘वातावरण आहे’ म्हणायचं.

आता थोडं शास्त्र. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. बडा ख्याल ऐन रंगात येतो आणि खट् करून बटण वर उडतं. यजमान झोपलेले, मेहुणा सुपारी कातरतोय. कॅसेट पालटेपर्यंत मिनिटभर जातं. त्या मिनिटात बुवांनी काय केलं ते कोणत्याच कॅसेटवर नाही. म्हणून त्या बैठकीतली सर्वोत्तम तान तीच होती, असं मानायची पद्धत आहे. पद्धत पाळा.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चिमुकले दात असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा टेप करता येत नाही. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली दिसली तर समजून जा, मारवा रागावर नातवाचं बारसं चढलेलं आहे. तरीही घ्या. बारसं संपल्यावर शेवटची चार मिनिटं मारवा शिल्लक असतो, आणि चार मिनिटांचा मारवा पूर्ण मारव्यापेक्षा दुर्मिळ.

सेलचं गणित तर फारच उपयोगी. टेप करताना सेल उतरले असतील तर फीत हळू फिरते. तीच पुढे नीट वेगात लावली की आवाज चढा आणि घाईचा येतो. काळी एकच्या पट्टीत गाणारे साठीतले बुवा काळी दोनमध्ये पंचविशीचे होतात. अशी कॅसेट हाती लागली की ‘तरुणपणचं अप्राप्य गाणं’ म्हणून वहीत नोंद करा. सेल उतरलेले होते, असं कुणी म्हणालं तर त्याला गाण्यातलं कळत नाही.

हिशेब मात्र करू नका. सुळेभावी आपल्या शेजारची, म्हणून कुमार गंधर्वांच्या लहानपणीच्या बैठकीची मूळ कॅसेट आपल्याकडे आहे असं सांगणारा तुम्हाला भेटेल, भेटणारच. कुमारांचा जन्म १९२४ चा. फिलिप्सने पहिली कॅसेट बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली १९६३ साली, तेव्हा कुमार एकोणचाळीस वर्षांचे होते. हे सगळं तोंडातल्या तोंडात ठेवा आणि विचारा, ‘कॉपी मिळेल का हो?’ तो नाही म्हणेल. त्याच्यापाशी नसलेली कॅसेटसुद्धा तो तुम्हाला देणार नाही. याला म्हणतात निष्ठा.

ती निष्ठा तुम्हीही अंगी बाणवा. ‘आहे माझ्याकडे’ हे वाक्य विलंबित लयीत म्हणायला शिका. त्यापुढे ‘पण’ आणि मग मौन. कुणी फारच मागे लागलं तर ‘घरच्यांना शब्द दिलाय’ म्हणा. घरच्यांना तुमचं नावही आठवत नसतं, पण शब्दाला वजन येतं. सीमाप्रश्न १९५६ पासून भिजत पडलाय. तुमची एक कॅसेट दहा-वीस वर्षं भिजली तर कुणाचं काय जाणार? फार तर बुरशी येईल. आमच्याकडच्या पावसात ती येतेच. (माझ्याच हातची, माझ्याच अक्षरातली एक कॅसेट वीस वर्षांपूर्वी चिकोडीला गेली. ती फार दुर्मिळ असून मला ऐकवता येण्यासारखी नाही, असं मला आजवर तिघांनी सांगितलंय.)

आणि शेवटचं संकट. ज्यांच्या घरून कॅसेट न्यायची त्या अक्का कधीकधी म्हणतात, एकदा लावून तरी दाखव. नाही म्हणता येत नाही. तुम्ही सैल पडलेली फीत पेन्सिलीने गुंडाळून घेता, सोबत नेलेल्या टेपमध्ये कॅसेट घालता, बटण दाबता. भीमपलास राग सुरू होतो. पाचव्या मिनिटाला, कोमल गंधारावर बुवा थांबलेले असताना, अगदी माइकजवळून कुणीतरी म्हणतं, ‘अगं, बुवांना गरम पाणी आण. आलं घालू नको.’

तुमच्या कपाळाला आठी पडते. अक्का पदराने तोंड झाकून हसत असतात.

‘घातलेलं मी,’ त्या म्हणतात. ‘तेवढंच परत लाव की, बाळा.’

इथे अजिबात अडकायचं नाही. एकदा लावलंत तर दहादा लावावं लागेल, फीत जुनी आहे, आणि पाचची बस चुकेल. सेल संपले म्हणून सांगा. तो मधला आवाज घरी गेल्यावर कंप्युटरवर पुसता येतो.