झाडं पाणी पितात म्हणे

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने लिहिलं, "झाडं उलट पाणी पितात. डोंगर तोडायला देऊ, आलेल्या पैशात बोअर मारू." लगेच चार अंगठे. चिपळूण तालुक्यातला आमचा सामाईक डोंगर ठेकेदाराला द्यायचा घाट आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल असंच, खासगी मालकीचं.

मी राहतो त्या व्हिएन्नात वर्षाला जेमतेम ६५० मिलिमीटर पाऊस. चिपळुणात ३,००० च्या वर. तरी टँकर येतो आमच्या वाडीत. या शहराने १८७३ साली राक्स आणि श्नेबर्ग या डोंगरांतले झरे नळाने आणले, १९१० साली होखश्वाब डोंगरातले, सगळं उतारावरून. झऱ्यांवरची जंगलंही ताब्यात घेतली. तिथे आधी पाणी, मग लाकूड. १८७३ च्या योजनेमागे होता भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस, आपल्या गोंडवनाचं नाव घेऊन गोंडवन या प्राचीन खंडाची कल्पना मांडणारा. त्याला आमचा देश कागदावर तरी ठाऊक होता!

दादा म्हणेल, तिकडे चुनखडी, बर्फ आणि पैसा. असू दे. आमच्याकडे वर जांभा, खाली काळा पाषाण. जांभ्यात मुरलेलं पाणी त्या सांध्याशी झरा होऊन निघतं आणि शिमग्यापर्यंत आटतं. म्हणूनच वर सावली हवी, पाचोळा हवा. उघड्या उतारावर पाणी थांबतच नाही, तांबडी माती घेऊन थेट वाशिष्ठी नदीत. आणि पाषाणात बोअरला भेग लागली तर लागली.

ग्रुपचा दुसरा लाडका विषय कोयना धरण. वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वीज करून घाटाखाली उतरतं नि समुद्राला मिळतं, ते आम्हाला द्या. द्यावंच. पण सरकारला शहाणपण शिकवणारे हेच लोक स्वतःच्या डोंगराचं विचारलं की ठेकेदाराचा दर सांगतात.

हे सगळं मी लिहिलं. वहिनींची एकच ओळ आली: "भाऊजी, तुम्ही कळशी कधी उचललीत?"

आईने उचलली, मग वहिनींनी. मी बारावीनंतर बाहेर पडलो तो पडलोच. ठेकेदाराला सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि गावात माझं म्हणावं असं आता तेवढंच आहे, न केलेली सही. ती झऱ्यासाठी अडवलीय की तिथे अजून माझं काही चालतं हे बघायला, मलाही नीट सांगता येत नाही. दादाने मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवलाय. दिवाळीनंतर तोड सुरू होते, त्याआधी हवंय म्हणतो.