पूडल, नाशिकचं ऊन आणि 'एक प्राणीप्रेमी' यांना उत्तर

मागच्या पोस्टवर 'एक प्राणीप्रेमी' या नावाने भलीमोठी कमेंट आलीये. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, पूडल म्हणजे पैसेवाल्यांचं खेळणं, नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात असला केसाळ परदेशी कुत्रा पाळणं म्हणजे सरळसरळ छळ, आणि 'केस गळत नाहीत, फ्लॅटला बेस्ट' असं लिहून मी लोकांना गावठी पिल्लं सोडून दुकानाकडे पाठवतेय, असं त्यांचं म्हणणं. सर की मॅडम ते नावावरून कळत नाही म्हणून नुसतं तुम्ही म्हणते, राग मानू नका.

आधी उन्हाचं घेते, कारण त्यावरच तुम्ही सगळ्यात जास्त तापलायत. केस दिसले की आपल्याला वाटतं याला उकडत असणार, पण कुत्रा घामाने थंड होत नाही हो, धापा टाकून होतो, त्यामुळे नाक-तोंड केवढं लांब आहे आणि वरच्या केसांखाली अजून एक दाट थर आहे का हे बघायचं असतं. हस्कीला तो आतला थर असतो. पगचं नाक चपटं, त्याचे तर मे महिन्यात खरंच हाल होतात. पूडलला आतला थर नसतो, तोंड चांगलं लांब असतं आणि केस पाहिजे तेवढे कापता येतात. आमच्या बेदाण्याचे (हा आमचा पूडल, रंगामुळे हे नाव, मिनिएचर म्हणजे लहान आकाराचा आहे) मार्चमध्येच बारीक करून टाकतो, पार कातडीपर्यंत नाही, कारण मग कातडी भाजते. बाकी काळजी गावठीची घ्याल तीच, सकाळी सातच्या आत गंगापूर रोडला फिरून परत, दुपारी डांबरावर पाऊल ठेवू द्यायचं नाही. हवामानाचा मुद्दा काढायचाच तर अलास्काचा काढायला हवा होता, तिथे जॉन सूटर नावाच्या माणसाने 1988 ते 1991 अशी चार वर्षं इडिटारॉड या कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांच्या शर्यतीत चक्क स्टँडर्ड, म्हणजे सगळ्यात मोठ्या आकाराच्या, पूडलना स्लेजला जुंपलं, जवळपास 1600 किलोमीटर बर्फातून! केसांत बर्फ गोठायचा, पाय गारठायचे, आणि पुढे नियमच आला की फक्त थंड प्रदेशातल्या जातीच चालतील.

नाशिकमध्ये पूडलची परीक्षा बघतो तो पाऊस. कान लोंबते, आत केस, बाहेर तीन महिने दमट हवा, मग कानाला वास यायला लागतो आणि तो डोकं झटकत बसतो. अंग ओलं राहिलं की कुरळ्या केसांच्या जटा होतात, वरून छान फुललेला दिसतो आणि बोटं आत घातली की मुळाशी सगळं घट्ट बसलेलं, त्या ओढीने कातडी दुखते. गोचीड त्या केसांत दिसतच नाही, हाताने चाचपून शोधावी लागते, आणि गोचीडतापाने चांगला धडधाकट कुत्रा बघता बघता झोपतो. याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली असती तर मी तुमची कमेंट पिन करून ठेवली असती.

दुसरं म्हणजे द्राक्षं. आपल्याकडे जानेवारी ते एप्रिल कोणाच्या घरी क्रेट नसतो सांगा, कोणीतरी ओळखीचा दिंडोरी-निफाडचा पाहुणा येतो आणि दोन पेट्या ठेवून जातो. कुत्र्याने द्राक्षं, मनुका, बेदाणे खाल्ले तर किडनी निकामी होऊ शकते, नेमकी किती खाल्ल्यावर याचा भरवसा नाही, आणि तीन-चार किलोच्या टॉय पूडलला तर फारच थोडी पुरतात. खाल्ली असं कळलं की उलटी होते का, जुलाब होतात का, असलं बघत बसायचं नाही, उचलायचं आणि व्हेटकडे. कांदा-लसणाचंही तेच, रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवलेला असला तरी. हे गावठीलाही तितकंच लागू आहे, तेव्हा सोसायटीत उरलेली भाजी आणि पुलाव घालणाऱ्यांनीही वाचा.

आता 'खेळणं'. तुम्हाला जो हसू येणारा हेअरकट आठवतोय, छातीवर झुपका, ढुंगण भादरलेलं, पायाला गोंडे, तो मुळात शिकाऱ्यांचा आहे. मारलेलं बदक पाण्यातून आणून देणं हे पूडलचं काम, मूळ जर्मनीचा आणि नावारूपाला आला फ्रान्समध्ये. ओले केस जड होतात म्हणून मागचं अंग भादरायचं, आणि छाती नि सांधे गारठू नयेत म्हणून तेवढे केस ठेवायचे. नंतर शोवाल्यांनी त्याचं जे काय केलं ते केलं, मलाही ते बघवत नाही. स्टँडर्ड पूडल खांद्यापाशी 45 ते 60 सेंटिमीटर असतो, तो मांडीवर मावतच नाही. आणि डोकं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी 1994 मध्ये ऑबीडिअन्स जजेसना, म्हणजे कुत्र्यांच्या आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांना, विचारून जी क्रमवारी लावली तिच्यात बॉर्डर कॉलीनंतर दुसरा नंबर याचाच आहे. कौतुक म्हणून नाही सांगत, ही डोकेदुखी आहे. लिफ्टपाशी भुंकलं की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा मारी बिस्किट घेऊन बाहेर येतात हे आमच्याला दोन दिवसांत कळलं, ते विसरायला लावणं मात्र अजून जमलेलं नाही. दोघंही सकाळी नऊला अंबड-सातपूरला जाणारे आणि रात्री परतणारे असाल तर पूडल आणू नका, तो भुंकून मजला डोक्यावर घेईल किंवा स्वतःचे पंजे चाटत बसेल.

'केस गळत नाहीत' हे मी लिहिलंय आणि त्याच्या पुढच्याच ओळीत रोज विंचरावं लागतं हेही लिहिलंय, तुम्ही अर्धंच उचललंत. गळत नाहीत म्हणजे सुटलेले केस आतच अडकतात, म्हणून रोज ब्रश, त्यामागून कंगवा, आणि दर चार-सहा आठवड्यांनी कापणं. ॲलर्जी होत नाही असं मात्र मी कुठेच म्हटलेलं नाही, ते विकणारे म्हणतात. ॲलर्जी लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी 1989 मध्ये, असा कुत्रा हवा असलेल्या एका अंध बाईंच्या नवऱ्याला ॲलर्जी होती म्हणून लॅब्रॅडोर आणि पूडलचा संकर केला, तीन पिल्लं झाली आणि त्यातलं एकच त्या नवऱ्याला चाललं. एका वेतातली ही गत, तर घरात दम्याचं पोर असलेल्यांनी आधी त्याला पूडल असलेल्या एखाद्या घरात दोन-चारदा तासभर बसवून बघा, आणि डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

गावठीबद्दल भांडण नाहीच आपलं. खास कारण नसेल तर गावठीच घ्या, माझंही तेच मत, त्यांना आपली हवा मानवते आणि शेल्टरं भरलेली आहेत. पण सासूबाईंना घरभर पडलेल्या केसांचं वावडं आहे, ब्रश घेऊन बसायला घरात माणूस आहे, असं सांगणाऱ्याला मी पूडलच सुचवणार.

आणि त्या पोस्टवर ज्या चार-पाच जणांनी ब्रीडरचा नंबर मागितलाय, त्यांना नंबर मिळणार नाही. 'टीकप पूडल' अशी जात कुठल्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबमध्ये (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत) नाही, मरतुकडी पिल्लं त्या नावाने महाग विकतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे, तरी व्हॉट्सॲपवर पस्तीस-चाळीस दिवसांची सर्रास चालतात. आईला प्रत्यक्ष बघायला मागा, आई-बापाचे डोळे आणि गुडघ्याच्या वाट्या तपासल्याचा कागद मागा, ब्रीडरची नोंदणी मागा. 'आई गावाला आहे' म्हणाला की उठून या.