पाय मोडका क

गेले दोन महिने रोज संध्याकाळी मी पाच वर्षांच्या नातवाला इंग्रजीतलं 'कॅट' वाचायला शिकवते आहे. त्याला क् येतो, अ‍ॅ येतो, ट् येतो. तिघेही एकेकटे गुणाचे आहेत, पण एकत्र नांदायला तयार नाहीत.

शाळेत ह्याला फोनिक्स म्हणतात, आणि सुटे आवाज जोडून शब्द करण्याला ब्लेंडिंग. त्यासाठी सुनेने टॅबवर एक ॲप घालून दिलंय. पडद्यावर तीन अक्षरं लांब लांब उभी असतात. बोटाने सरकवत ती जवळ आणायची, सरकवताना आवाज काढायचे, चिकटली की शब्दाचं चित्र ओळखून दाबायचं. बरोबर आलं तर टाळ्या. चुकलं तर एक बेडूक पोट धरून गडाबडा लोळतो. हे ज्याने बनवलं त्याच्या घरात मूल नसावं. पहिल्याच संध्याकाळी आमच्या चिरंजीवांनी तो बेडूक अकरा वेळा लोळवला. टाळ्या एकदाच वाजल्या, त्याही चुकून.

"आई, तुम्ही 'क' म्हणता ना, तिथेच गडबड होते," सून म्हणाली. "नुसतं 'क्' म्हणायचं. नाहीतर तो 'क-अ‍ॅ-ट' जोडून 'कअ‍ॅट' म्हणणार."

जन्मभर मी क म्हणत आले, कोणाची तक्रार नव्हती. पण तिचं खरं होतं. आपल्या लिपीत प्रत्येक व्यंजनाच्या पोटात अ बसलेला असतो. त्याला बाहेर काढायचं तर अक्षराचा पाय मोडावा लागतो. म्हणून मी नातवाला सांगितलं, "हा बघ, हा पाय मोडका क."

"कोणी मोडला?"

"कोणी नाही रे. तसं म्हणतात."

"दुखतं का त्याला?"

मग ट् चीही चौकशी झाली. त्याचाही पाय मोडलाय म्हटल्यावर चेहरा पडला. अ‍ॅ हा स्वर आहे, त्याचा पाय मोडत नाहीत, असं सांगितलं तर म्हणाला, "मग तो बाकीच्यांना उचलून का नेत नाही?" मला उत्तर सुचलं नाही. खरं तर नेतोच की तो.

चित्र समोर असलं तर तो "क्... अ‍ॅ... ट्... माऊ!" म्हणतो. ह्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चित्र झाकलं की "टॅक!" तिसऱ्या आवाजापर्यंत पोचेस्तोवर पहिला विसरलेला, मग शेवटून जे हाताला लागेल ते. ओटीपी टाकताना माझं अगदी हेच होतं, त्यामुळे रागावताही येत नाही.

सुनेने नवी युक्ती काढली. क्, ट्, प् हे आवाज तोंडातून सुटले की संपले. म्, न्, स् मात्र हवे तेवढे लांबवता येतात, म्हणून पुढचा आवाज त्यांना धरून ठेवता येतो. सुरुवात त्यांच्यापासून करायची, मध्ये श्वास न सोडता. मी "म्म्म्मॅऽऽन्न्न्" केलं. दाढ दुखते का, असं आतून विचारणा झाली. मग 'सॅम' घेतला, आणि स् लांबवताच माझ्या कवळीतून शिट्टी वाजली. बेडूक त्या क्षणी बेकार झाला. तेव्हापासून नातू टॅब बाजूला सारतो आणि माझ्या गालावर बोट दाबून म्हणतो, "आजी, स्."

शेवटी एक गोष्ट लागू पडली, तीही सुनेनेच वाचून सांगितलेली. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांकडून ४० शब्द वाचून घेतात आणि त्यातले २० चक्क निरर्थक असतात. मूल खरंच आवाज जोडतंय की पाठ असलेलं ठोकून देतंय, हे त्यातून कळतं. मी म्हटलं, निरर्थक बोलण्यात आमचं पोर कोणाला हार जायचं नाही. कागदावर लिहिलं: झ्, इ, ब्.

त्याने बोट फिरवलं. एकदा, दोनदा. "झ्झ्इब्... झिब!"

चित्रच नव्हतं, मग अंदाज कशावरून बांधणार? बिचाऱ्याला वाचावंच लागलं. मी हर्षाने काय ओरडले ते सांगत नाही. अर्ध्या तासात घरातली उशी झिब झाली, टॅब झिब झाला, मीही झिब झाले. ह्या तेजीत 'कॅट' हातोहात काढावा म्हणून मी पुन्हा सुरू केलं, "चल, आता क्, अ‍ॅ..."

"आता मी सांगणार, तू जोड," तो म्हणाला. आणि ॲपमधल्या बाईंच्या आवाजात, एकेक बोट उघडत: "ग्... अ... प्... प्..."

"गप्प?"

त्याने टाळ्या वाजवल्या.