चिरंजीवांचा वैराग्यकाळ

मे महिन्याच्या ऐन उकाड्यात आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांनी समोर आलेले आइस्क्रीम दोन चमचे खाऊन बाजूला सारले आणि "नको, गार लागतंय" असे शांतपणे जाहीर केले, तेव्हा माझा ऊर भरून आला. आजीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली आणि बायकोने ही वार्ता माहेरी कळवली. वास्तविक त्या दोन शब्दांत सगळे निदान होते, पण आम्ही त्यात संस्कार शोधत बसलो.

पुढचे सहा महिने घरात हा वैराग्यकाळ चालला. पेरू नको, ऊस नको, चिक्की तर नकोच. दिवाळीत चिरंजीवांचे चकली खाणे मी जवळून पाहिले. त्यांनी चकलीचा एक वेढा बोटांनी मोडला, तुकडा दुधाच्या पेल्यात बुडवून बराच वेळ धरून ठेवला, मग मान डावीकडे कलती करून तो त्याच बाजूच्या दाढांखाली हळूच सरकवला आणि उजवा गाल या सगळ्या कार्यक्रमात लग्नाला आलेल्या दूरच्या पाहुण्यासारखा स्वस्थ बसून राहिला. सावकाश चावून खाण्याचा हा आदर्श पाठ म्हणून मी त्याचा व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर धाडला. तिथल्या एकालाही हे मूल एकाच बाजूने का चावते, असा प्रश्न पडला नाही. त्यामुळे हा बिनडोकपणा वैयक्तिक नसून घराण्याचा आहे, एवढे समाधान मला मिळाले.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मात्र ते मध्यरात्री गाल धरून उठले. आजीने लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत बसवला आणि "दुधाचेच तर दात, आज ना उद्या पडायचेच" असा निकालही दिला. तीन रात्री जागरण झाले, चौथ्या दिवशी ठणका एकाएकी थांबला आणि घरात लवंगेचा जयजयकार झाला. दंतवैद्याची ठरवलेली वेळ मी स्वतः फोन करून रद्द केली, हे इथे कबूल करून टाकतो.

आठवड्याभराने हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पुळी दिसली. लहान मुलाच्या तोंडात बॅटरीचा उजेड पाडला की जीभ नेमकी पाहायच्या जागी येऊन बसते, हे ज्याने तो उद्योग केला आहे त्यालाच ठाऊक. अखेर उजवीकडच्या दाढेवर एक काळा ठिपका दिसला. ती सकाळच्या पोह्यांतली मोहरी असावी म्हणून मी ब्रशने काढू गेलो. मोहरी खरोखरच निघाली, पण तिच्याखालचा खड्डा तसाच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी चिरंजीवांना खुर्चीवर बसवले, पण उलटतपासणी माझी सुरू केली. गार लागत होते का? एका बाजूने चावत होता का? दुखण्याने झोपमोड झाली का? मी तिन्ही प्रश्नांना खाली मान घालून होकार दिला. "आणि मग एकदम थांबलं?" त्यांनी विचारले. "हो, लवंगेच्या तेलाने," आजी अभिमानाने म्हणाली. "तेलाने नाही हो आजी, आतली नस मेली म्हणून थांबलं. ही पुळी म्हणजे खालचा पू वाट काढतोय. गाल सुजून ताप आला असता, तर त्याच दिवशी धावत यावं लागलं असतं." आजीने पदर सारखा केला.

मग आमची शिकवणी झाली. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तशी त्या खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा धरून ठेवतात आणि रुमाल आधीच उचलला, तर शेजारचे प्रवासी सरकून बसतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांच्या मागे जी दाढ उगवते, ती तर कायमचीच. तिच्यासाठी आधी कुठलाही दात पडत नसल्याने तिचे आगमन घरात कोणाला कळतही नाही. किडीची पहिली खूणसुद्धा काळी नसते, ओठ वर करून पाहिल्यास हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसतो. मूल वर्षाचे होईपर्यंत एकदा दात दाखवून घ्यावेत, असेही त्या म्हणाल्या. त्या वयात आम्ही बोरन्हाण घालून चिरंजीवांवर हलव्याचा वर्षाव केला होता. दंतवैद्य कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता.

दुधाच्या दाढेलाही रूट कॅनॉल करतात, हे आजीला शेवटपर्यंत पटले नाही. ते झाले, वर स्टीलची चकचकीत कॅप बसली आणि चिरंजीवांनी ती सोसायटीतल्या सर्व मुलांना रांगेत उभे करून दाखवली. चिकट चिक्कीला मनाई झाल्यामुळे तिची आठवण त्यांना त्याच दिवसापासून येऊ लागली.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःचे आइस्क्रीम संपवले, माझे ओढून घेतले, तेही संपवले आणि लाकडी चमचा उजव्या दाढेखाली धरून चघळत बसले. आजी उठली. या वेळी मीठ-मोहरीच्या डब्याकडे न जाता तिने माझ्याकडे बॅटरी मागितली.