अर्ध्या तासाची सुट्टी आणि गरम पोळी: ‘सातपूरकर’ यांना उत्तर

‘सातपूरकर’ यांस नमस्कार.

‘सावकाश जेवा, वजन आपोआप उतरेल’ या माझ्या लेखाखाली आपण जे लिहिलंत ते मी शांतपणे वाचलं. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपलं म्हणणं असं की, कितीही हळू खाल्लं तरी कॅलरी तेवढ्याच राहतात. जपानच्या पाहणीवरून काही सिद्ध होत नाही. वजन उतरवायचं तर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या माराव्यात. मिसळ सावकाश खाल्ली तर फरसाणाचा लगदा होतो. आणि शेवटी हे वाक्य: ‘ज्यांच्या ताटात गरम पोळी पडते त्या बायकांनी घास मोजत बसावं, कंपनीत अर्ध्या तासाची सुट्टी असणाऱ्याला शिकवू नये.’

शीर्षकातलं ‘आपोआप’ जरा जास्त झालं, हे मान्य. ते काढून टाकते.

पण शेवटचं वाक्य सोडून देणार नाही. माझ्या ताटात गरम पोळी कोण वाढतं, असं वाटतं आपल्याला? आमच्याकडे पोळ्या मी लाटते. तव्यावरून उतरलेली पोळी आधी सासऱ्यांच्या ताटात, मग मुलांच्या, मग ह्यांच्या. सगळ्यांचे हात धुऊन झाले की मी वर्षानुवर्षं ओट्यापाशी उभ्यानेच जेवले आहे. पातेल्याच्या बुडाशी राहिलेली भाजी गार पोळीने पुसून घ्यायची, धाकट्याने टाकलेला वरणभात वाया जायला नको म्हणून तोही पोटात ढकलायचा. किती खाल्लं हे अशा जेवणात कळतच नाही. बायकांची वजनं चाळिशीनंतर का वाढतात यावर बोलताना हे ओट्यापाशी उभ्याने जेवणं कुणी धरतच नाही, आणि आपण तर आम्हाला सरळ आयत्या ताटावर बसवून मोकळे झालात.

आता कंपनीचं. लेख लिहिणारी बाई म्हणजे घरी बसलेली बाई, हे आपण कशावरून ठरवलंत? मुलीची दहावी होईपर्यंत मी अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला होते. सायरन झाला की हातातला खोका पुरा करायचा, मग नळापाशी रांग. बोटांना लागलेला टेपचा चिकटा साबणानेही लवकर निघत नसे. बाकावर बसेपर्यंत सुट्टीतली दहाएक मिनिटं गेलेली असायची. राहिली वीस. त्यातल्या सात-आठ मिनिटांत मी चार पोळ्या संपवायचे. चतकोर पोळीत भाजी गुंडाळायची, दोनदा चावायची आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाली. उरलेला वेळ गप्पांत जायचा. म्हणजे वेळ होता, सातपूरकर! त्या वेळात जेवायचं मला सुचत नव्हतं एवढंच. तुमच्याही कॅन्टीनमध्ये डबा संपवून मोबाइल बघत बसलेले लोक असतील, बघा एकदा.

मग मी डब्याची रीत बदलली. आधी दोन पोळ्या आणि भाजी, प्रत्येक घास तोंडात बारीक होईपर्यंत. मग झाकण लावून ताक घोट घोट प्यायचं, शेजारणीशी बोलायचं, आणि सुट्टी संपायला पाचेक मिनिटं उरली की भूक आहे का बघून मगच झाकण उघडायचं. बऱ्याचदा ते उघडलंच नाही. ती पोळी चारच्या चहाबरोबर व्हायची, त्यामुळे गेटवरचा वडापावही सुटला. वर्षभरात काटा ८२ वरून ७६ वर आला. घरातलं तेल तेच होतं, कामाची पाळी तीच होती, आणि ट्रॅकवर जायला मला सवड नव्हती. ज्याने हे करून पाहिलंय त्याला तुम्ही ‘शिकवू नये’ म्हणता, हे मला लागलं.

कॅलरीबद्दल फार लिहीत नाही. ताटातल्या कॅलरी तेवढ्याच राहतात, हे मला शाळेपासून माहीत आहे. प्रश्न दुसऱ्यांदा वाढून घेण्याचा आहे. जठर ताणलं गेल्याचा निरोप मज्जातंतूंवाटे लगेच जायला लागतो, पण पोट भरल्याचं मेंदूला कळवणारी, आतड्यातून सुटणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं चढायला वेळ लागतो. सात मिनिटांत जेवणारा त्याआधीच तिसरी पोळी मागून मोकळा होतो. २०१० साली ग्रीसमध्ये १७ निरोगी पुरुषांना तेच ३०० मिली आइस्क्रीम एकदा ५ मिनिटांत आणि एकदा ३० मिनिटांत दिलं गेलं. सावकाश खाल्ल्यावर ही दोन्ही संप्रेरकं जास्त चढली. हल्ली वजनासाठी जी महागडी इंजेक्शनं निघाली आहेत ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. इंजेक्शनाइतका जोर घासात नाही, तसा दावाही मी केलेला नाही. जपानची २०१८ ची पाहणी सुमारे ६०,००० मधुमेहींची होती, आणि सावकाश जेवणाऱ्यांत लठ्ठपणा कमी दिसला. ती नुसती पाहणी आहे, हे लेखात मीच लिहिलं होतं. आपण तिथपर्यंत वाचलं नसावं.

ट्रॅकवर जरूर चाला. त्याला मी विरोध कुठे केला?

मिसळीचं मात्र सांगते, कारण नाशिकच्या माणसाने असं म्हणावं याचं नवल वाटलं. आपल्याकडे रस्सा वेगळ्या वाटीत येतो. तो सगळा एकदम ओतायचा कशाला? मटकीवर थोडा घ्यायचा, त्यापुरतंच फरसाण भिजवायचं, कांदा-लिंबू, दोन घास, मग पुन्हा थोडा रस्सा. शेवटच्या घासालाही शेव कुरकुरीत राहते. पाव मऊ असतो, न चावताच उतरतो, म्हणून दुसरी जोडी मागवण्याआधी जरा थांबायचं. तर्रीमुळे तसंही थांबावं लागतंच.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. कॅलरीवर लिहा, पुराव्यावर लिहा, मी उत्तर देईन. माझ्या घरात ताट कोण वाढतं हे मात्र पुढच्या वेळी आधी विचारा, मग लिहा.