पाण्यावर झोपायलाही परवानगी लागते म्हणे

सकाळी सकाळी भाच्याचा व्हिडिओ कॉल. तोंड एवढंसं झालेलं. "मामा, सहाव्या मरिनानं पण नाही म्हणलं."

हसू नका. ज्या मराठवाड्यात २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला माणूस बोटीत राहण्यावर लिहितोय, हे मलाही कळतंय. पण लेकरू आपलं आहे. नोकरीला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी. खोलीच्या भाड्यात निम्मा पगार जातो, म्हणून गड्यानं जुनी तीस फुटी शिडाची बोट घेतली. मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, बोट लावायला जागा मिळते. फुटाच्या हिशेबानं भाडं, विम्याचे कागद, सगळं गोडीत चालतं. मग एकच प्रश्न येतो, "आत राहणार का?" हो म्हणलं की विषय संपला.

रिकामी बोट वर्षभर शेवाळ धरत पडली तर चालते, माणूस आत निजला की नियम मोडतो! आपल्या सिडकोत खोली बघायला गेलं की मालक विचारतो ना, बॅचलर का, मित्र मुक्कामाला येणार का? त्यातलाच प्रकार.

आमचं गाव जायकवाडीत गेलं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, अण्णा मला भोईमामांच्या नावेतून गाव 'दाखवायला' घेऊन गेले. चहूकडं पाणी, दाखवणार काय? परत फिरायच्या वेळी असं वारं सुटलं की नाथसागराला समुद्रासारख्या लाटा. भोईमामांनी पाण्यातून वर आलेल्या वाळक्या बाभळीला नाव बांधली आणि रात्र तिथंच काढली. भाकरी-ठेचा खाल्ला. मी भेदरलेलो. अण्णा म्हणाले, "निज. आपल्याच वाड्यावर आहोत."

कुणाची परवानगी घेतली होती आम्ही? आणि वाडा बुडवताना आमची कुणी घेतली होती?

तिकडं खाडीसाठी आयोग आहे. त्याचा दंडक असा की मरिनात शंभर बोटी असतील तर राहत्या फार तर दहा. बाकीच्यांनी यादीत नाव घालून बसायचं, कितीही वर्षं. मरिना नको, उघड्यावर नांगर टाकतो म्हणलं तर त्याच खाडीच्या रिचर्डसन बे नावाच्या फाट्यात ७२ तासांची मुदत. इंग्लंडच्या कालव्यांवर स्वतःचा धक्का नसेल तर १४ दिवसांत नाव पुढं हलवायची. आपले मेंढरंवाले बरे, निदान चारा संपल्यावर हलतात. मग काही जण चोरून राहतात. अंधार पडला की किराण्याची पिशवी घेऊन हळूच आत शिरायचं, दिवा बारीक ठेवायचा. स्वतःच्या बोटीत, स्वतःच्या पैशानं!

बरं, संडासाची टाकी पंपानं उपसून न्यावी लागते आणि काही जण ती सरळ पाण्यात सोडतात, हे खरंय. नाथसागरात कुणी असं केलं तर मीच आधी बोंब मारीन, संभाजीनगर तेच पाणी पितं.

लिहिता लिहिता एक लक्षात आलं आणि राग जरा उतरला. तो आयोग १९६५ चा. खाडीत भराव घालून जमीन करायचं तिकडं पेव फुटलं होतं, ते रोखायला नेमलेला. त्याच १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची कोनशिला बसवली. तिकडं पाण्यावर जमीन चढू नये म्हणून कायदा, इकडं जमिनीवर पाणी चढवायला धरण. धरण नको होतं असं नाही म्हणत, आमचा ऊस त्याच्यावरच उभा आहे. पण बाभळीला बांधलेली ती नाव डोळ्यांपुढून हलत नाही. अण्णांना त्या रात्री झोप लागली नव्हती. दर वेळी मला जाग आली की ते काठाला हात धरून खाली बघत होते.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, यादीत माझा नंबर सत्ताविसावा आहे." जायकवाडीला दरवाजे तेवढेच आहेत म्हणलं, कधी ना कधी उघडतात.

ताईला यातलं काही माहीत नाही. तिच्या मते तो फ्लॅटवर राहतो. ती फेसबुकवर नाही, पण तुमच्यातले निम्मे तिला ओळखतात. कृपा करा.